फोटोतलं भात

आंबी, १४ मे २०२५

चि. पिंकी,

आईचा जय भीम. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग सगळं गप्प. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्राला निळ्या खुणा होत नाहीत. तू वाचलंस की कचऱ्यात टाकलंस हे मला कळणार नाही, ते एक बरं.

तांदूळ पोचला. म्हणजे परत पोचला. धम्मदीप रविवारी येऊन पिशवी ओट्यावर ठेवून गेला. चहा घे म्हटलं तर म्हणाला, "नको मावशी, ड्यूटी आहे." लोणावळ्याच्या हॉटेलात रविवारची किती धावपळ असते ते मला ठाऊक आहे. पण आंबीपर्यंत आलेला जावई पाटावर टेकतसुद्धा नाही, तेव्हा नुसती ड्यूटी नसते. मी विचारलं, पिंकी काय म्हणाली? तर खाली बघत म्हणाला, "ती म्हणाली, आईला सांग, आधी कागद वाच."

कागद म्हणजे ज्या पेपरात मी तुझा तांदूळ बांधला होता तो. त्याचं झालं असं. पाच तारखेला सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर तिथला पोरगा म्हणाला, मावशी, तुमचा फोटो आलाय. बघते तर खरंच. भाताच्या लोंब्या हातात धरून हसणारी मी, चांगला पाव पान फोटो. डोक्यावर तो तुझा जुना पिवळा स्कार्फ. जन्मात कधी पेपरात आले नव्हते गं. आपल्या घरात पेपर म्हणजे काय ते तू जाणतेस, पप्पा कंपनीतून येताना शिळा का होईना पण पेपर आणणारच, आणि "छापून आलंय" म्हटलं की वाद संपला. मी तशीच तळेगावला गेले आणि स्टेशनजवळच्या स्टॉलवर होते तेवढे सगळे अंक घेतले.

चष्मा दुरुस्तीला टाकला होता, म्हणून खालचं बारीक वाचलं नाही. बुद्धपौर्णिमा आलीच होती. दरवर्षी आपण ज्यांना ज्यांना तांदूळ देतो त्या सगळ्यांच्या पुड्या मी त्याच पानात बांधल्या. फोटो वर येईल अशी घडी घातली. तुझी पिशवी मोठी, म्हणून तिला दोन पानं लागली. विहारात खिरीसाठी देतो त्या गोणीवरही एक पान ठेवलं.

आता वाचला कागद. मथळा असा आहे: "जनुक बदललेले भात लवकरच बांधावर". त्याच्या खाली मी.

नाव नाही माझं, आंबीचंही नाही. पण तोंड माझं आहे, आणि आत माझा तांदूळ. बघणारा काय समजायचा ते समजला. औषधाच्या खोक्यात जसा कागद असतो तसा मीच घरोघरी कागद पाठवला.

परवाच्या पौर्णिमेला खीर झाली, पण आपल्या तांदळाची नाही. विहाराची खीर जिच्याकडे असते त्या चिमाबाईने मंडळाकडून वाण्याचा तांदूळ आणवला. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून खीर आपल्या तांदळाची होते, कारण आपला तांदूळ चिकट, खिरीत मिळून येतो. आपली गोणी कोपऱ्यात तशीच. ते मला लागलं. खीर मी खाल्ली. दूध एकीकडे, दाणे एकीकडे.

तू पाचव्यात आहेस. सातवा लागला की इकडे यायचं ठरलंय, तुझी खोली मी पिवळ्या रंगाने रंगवून घेतली आहे. बाकी काही बोलू नकोस हवं तर. तेवढं ठरलेलं राहू दे.

तुझी आई

आंबी, २६ मे २०२५

चि. पिंकी,

उत्तर नाही. नसू दे. धम्मदीपने मात्र तू त्याच्या मोबाइलवर पाठवलेलं कात्रण मला पुढे पाठवलं. तू त्याला "आईला दाखव" म्हणालीस म्हणे. म्हणजे माझ्याशी बोलतेस, फक्त नवऱ्याच्या तोंडून.

कात्रण पाहिलं. दुसऱ्या पेपरातलं. "ताटात काय वाढून ठेवलंय?" असा मथळा आणि टोमॅटोला इंजेक्शनची सुई टोचलेला फोटो. बातमी भाताची आणि फोटो टोमॅटोचा. मी तो मोठा करून करून पाहिला. एकेका फळाला अशी सुई टोचत बसतात? मग भाताच्या दाण्याला कशी टोचणार, माणसाचा जन्म जायचा. आत लिहिलंय की असलं अन्न पोटातल्या बाळालाही बाधू शकतं, असं काहींचं म्हणणं आहे. काहींचं म्हणजे कुणाचं ते लिहिलेलं नाही. पण पोटातलं बाळ म्हटल्यावर तू पुढचं वाचलं नसशील. मीही वाचलं नाही लगेच. मोबाइल पालथा ठेवला.

मग आमच्या पेपरात, ज्यात मी आहे, त्यात पुन्हा बसून वाचलं. तिथे सगळा आनंदीआनंद. कमी पाण्यात येणारं, जास्त पिकणारं, शेतकऱ्याचं नशीब उघडणारं. एक म्हणतो अमृत, एक म्हणतो विष. आणि कालच्या रविवारी आमच्याच पेपराच्या पुरवणीत पुन्हा एक लेख: "सावधान". आणि त्यावर तोच टोमॅटो, तीच सुई. पाच तारखेला ज्यांनी मला हसत छापलं त्यांनीच तीन आठवड्यांत सावधान म्हणायचं? पप्पांना विचारलं, आता कुणाचं खरं? ते म्हणाले, "छापून तर दोन्ही आलंय." आणि पहिल्यांदाच मी त्या माणसाला पेपर घडी न घालता बाजूला ठेवताना पाहिलं.

तुला खरं सांगते. चष्मा दुरुस्तीला नव्हता. नाकावर होता. मथळा मी वाचला होता. "जास्त पिकणारे, नवे, सुधारित" हे शब्द पाहिले आणि वाटलं, आपल्याच भाताचं कौतुक केलंय. जनुक म्हणजे काय ते कळलं नाही, पण काहीतरी चांगलंच असणार, नाहीतर माझा हसरा फोटो कशाला लावतील? फुशारकी मारायला गेले आणि तोंडावर पडले. आता हसलीस तरी चालेल.

तळेगावच्या कैलासला गाठलं. तोच गं, पेपरला बातम्या देतो आणि दिवाळीत जाहिराती मागत फिरतो तो. फोटो त्यानेच काढला होता, तुझ्या लग्नाच्या आदल्या सुगीत. मी म्हटलं, "कैलास, माजं भात कधी रं बदललं?"

"मावशी, तुमचं नाही ओ. फोटो फाइलीतला आहे. पुण्याच्या डेस्कला भाताचा फोटो पाहिजे होता, त्यांनी घातला. खाली बघा, 'संग्रहित' लिहिलंय."

बघितलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय खरं.

"आन् त्यो टोमॅटो?"

"तो पण तसाच. जीएम म्हणून शोधलं की तोच पहिला येतो. सगळे तोच लावतात."

म्हणजे मी आणि तो टोमॅटो सारखेच. हाताशी होतो म्हणून लावले. त्या फोटोतलं भात तर तूच खाऊन लग्न करून गेलीस, पिंके. ते कुठे शिल्लक आहे?

गावात कृषी सहायक पायल मॅडम आल्या होत्या, त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, जीएम म्हणजे दुसऱ्या कुठल्या जिवाचं जनुक आणून पिकात घालतात. पेपरात आलेल्या या जाती तशा नाहीत, त्यांत भाताचंच जनुक जागच्या जागी थोडं बदललंय. जीएम भात लावायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि हे नवीन बी अजून दुकानातही आलेलं नाही. मी म्हटलं, मग खाल्लं तर काही होतं का? म्हणाल्या, "काही शास्त्रज्ञ म्हणतात काही होत नाही. काही म्हणतात अजून तपासायला पाहिजे." मी म्हटलं, तुम्ही काय म्हणता? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणते मावशी, रोपांना खत वेळेवर द्या."

मी घरी आले तेव्हा गेले होते त्याहून जास्त गोंधळलेली होते. एवढंच कळलं की आपलं भात त्यातलं नाही. तेवढं तू धर.

तुझी आई

आंबी, १० जून २०२५

चि. पिंकी,

खुलासा छापायला लावतो म्हणाला होता कैलास, शब्दाला जागला. पेपरात खुलासा आला. चष्मा लावून वाचला, खरोखर लावून. आतल्या पानावर, वधू-वरांच्या जाहिरातींशेजारी, तीन ओळी: "पाच मेच्या अंकातील छायाचित्र प्रातिनिधिक होते. छायाचित्रातील व्यक्तीचा बातमीशी संबंध नाही." फोटो नाही. मग कोण बघणार? मीच पेपर घेऊन चिमाबाईकडे गेले. तिने दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "व्यक्तीचा संबंध न्हाई म्हनत्यात. मंजी भाताचा हाय का काय?"

मला इतका राग आला. पण घरी येईपर्यंत वाटलं, बाई बरोबर बोलते आहे. पाव पान फोटोने जे केलं ते तीन ओळींनी कसं निस्तरणार?

धम्मदीप म्हणाला, तुझं नाव लोणावळ्याच्याच दवाखान्यात घातलंय, बाळंतपण तिकडेच करायचं म्हणतेस. मी फोन ठेवला आणि म्हशीला उगीच ओरडले. पिंकी, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. रीत म्हणून नाही म्हणत मी. मला तू इथे हवी आहेस. मागच्या खेपेला काय झालं ते मला विसरता येत नाही आणि तुलाही येत नसणार. या वेळी मी तुझ्याजवळ असायला पाहिजे, मी, दुसरी कुणी नाही.

बाकी इकडे पेरण्यांची गडबड. पाऊस आधीच येऊन बसला, वाफे कुणाचेच धड झाले नाहीत. बी काढताना मनात आलं की हे बी आलं कुठून ते बघावं. सहज आपलं. तुला आठवत असेल, आजोबा सांगायचे, एकाच वावरात एकच बी वर्षानुवर्षं पेरलं की ते आळसावतं, चार सालांनी दुसऱ्या गावच्या माणसाशी बदलावं. तू सासरी गेल्यावर मी नवलाख उंबरे गावच्या अंबूबाईशी बी बदललं होतं. आपलं तिला, तिचं आपल्याला.

तर सहज उंबऱ्याला जाऊन आले. आता तिथे बांधाला बांध लागून कंपन्या झाल्यात. अंबूबाईचा एक तुकडा उरलाय, कंपनीच्या भिंतीच्या सावलीतला. म्हटलं, बाई, ते बी तुझ्याकडे कुठून आलं होतं? ती म्हणाली, "माज्या भावानं दिलतं. केरबानं. त्यो लोहगडवाडीला ऱ्हातो न्हवं? त्यानं कुटनं आनलं मला काय ठावं. का गं, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, सहज. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुजा फोटू बगितला मी. लय बारीक झालीस."

फोटोच्या मानाने म्हणाली असेल. जेवण जातंय मला. तू जेवतेस ना?

तुझी आई

आंबी, २८ जून २०२५

चि. पिंकी,

मागच्या पत्रात दोनदा सहज लिहिलं. आईला सहज उंबऱ्यापर्यंत जायला सवड कधी मिळाली, असं तू मनात म्हणाली असशील. सहज नव्हतं.

ज्या साली अंबूबाईचं बी आणलं, त्याच साली दिवाळीला तू आली होतीस. तिसरा महिना होता. नवा तांदूळ कांडून आणला होता, मऊ भात आणि वरण तूच मागून खाल्लंस, तीन दिवस. आणि लोणावळ्याला परत गेल्यावर आठवड्याच्या आत ते झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाची चूक नसते. मी ते मानलं. तू मानलंस की नाही कधी विचारलं नाही. माझ्याकडे यायचं तू कमी केलंस, आणि मी म्हटलं, दुःखात आहे पोरगी, राहू दे.

आता तो कागद बघून तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळायला दीड महिना लागला. तू तांदळावर रागावली नाहीस. तू हिशेब जुळवलास. बी बदललं ते तुला माहीत होतं, तेव्हा माहेरी आलेली तूच तर गोणी उचलायला मदत केली होतीस. आणि पिंकी, एकदा तू जुळवल्यावर तो मलाही जुळायला लागला. पायल मॅडमनी सांगूनही जुळायला लागला. बाई म्हणाल्या बी दुकानात नाही, पण चोरून कुणी आणलं असेल तर? कंपन्यांच्या भिंतीआड काय चालतं कुणाला माहीत? तांदूळ निवडायला बसले की दाणा दाणा बघत राहायची. दाण्यात काय दिसणार? पण बघायची. आपल्या हाताने आपण लेकीला काय वाढलं, असं मनात येऊन हातातला घास परत ताटात ठेवायची. हे पप्पांनाही सांगितलेलं नाही.

म्हणून काल लोहगडवाडीला गेले. मळवलीला उतरून चालत. शनिवार-रविवार तिथे पुण्यामुंबईची पोरं नुसती उतू जातात, म्हणून मुद्दाम मधला वार धरला. केरबाभाऊची गडाच्या वाटेवर टपरी आहे, भजी, चहा, मक्याचं कणीस. म्हातारा झालाय, पण कान तीक्ष्ण आहेत. मी आंबीची म्हटल्यावर स्टूल पुसून दिलं. बी कुठलं विचारलं तर म्हणाला,

"अंबूला दिल्यालं? ते भिमाजी आबाचं बी."

"कंचे भिमाजी?"

"तुमच्या आंबीचाच की. विहार बांधताना मी गवंड्याच्या हाताखाली कामाला व्हतो तितं. आबानं खीर चारली. मी म्हनलं, आबा, ह्यो तांदूळ लय ग्वाड हाय, मला पायलीभर बी द्या. त्यानं दिलं. तवापास्नं माज्याकडं तेच. तुमी कोन त्याच्या?"

मी म्हटलं, सून.

तो हसत सुटला. "आगं बया, मंग तुजंच बी तुला आलं की फिरून."

मला बसल्या जागी रडू आलं. त्याला वाटलं धुराने. त्याने कढईखालचा जाळ कमी केला.

तर हे असं आहे. ते बी आपलं आहे. तुझ्या आजोबांच्या हातचं. लोहगडवाडीला गेलं, तिथून उंबऱ्याला, तिथून परत आंबीला. तू लहानपणापासून जे खाल्लंस तेच त्या दिवाळीत खाल्लंस. मी वाढलं त्यात काही नव्हतं, पिंकी. हे मी तुझ्यासाठी लिहिते आहे की माझ्यासाठी, कळत नाही.

पण याला पुरावा काय? एका टपरीवाल्याचं तोंडी सांगणं. छापून आलेलं नाही, येणारही नाही. कैलासला म्हटलं, हे घाल की पेपरात. तो म्हणाला, "मावशी, यात बातमी काय आहे?"

धम्मदीपला मात्र फोनवर सगळं सांगितलं, तुला सांग म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, तिला खरं तर यायचंय. पिवळ्या खोलीचं रोज काढते. पण तिकडे गेल्यावर खायचं काय, असं म्हणते." 

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. खायचं काय.

तुझी आई

आंबी, १२ जुलै २०२५

चि. पिंकी,

तुला सातवा सरत आला. हे पत्र नीट वाच, बाकीची टाकलीस तरी चालतील.

केरबाभाऊचं बोलणं अंबूबाईकडून चिमाबाईपर्यंत आपोआप आलं. वर्षावासाची आषाढी पौर्णिमा गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी चिमाबाई स्वतः दारात. आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहून म्हणाली, "भिमाजी आबाचं बी म्हन ते. मंग आमाला सांगायचं न्हाई व्हय आदी? दे तांदूळ, उद्या खीर करायची." चूक कबूल करायची तिची ही तऱ्हा. मी गोणी दिली. तिने माझ्या हाताला हात लावला आणि गेली. दोन महिने मी ज्याची वाट बघत होते ते अंगणात चालत आलं होतं. पेपरवालेही भात विसरले होते, आता रोज बिबट्याचे फोटो असतात. सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

मला झोपेपर्यंत बरं वाटलं. मग वाटलं, पण पिंकी कुठे आली?

गुरुवारी सकाळी तळेगावच्या मोठ्या दुकानात गेले आणि तांदळाची पिशवी विकत घेतली. दहा किलोची, शिवलेली, वर सील. आयुष्यात पहिल्यांदा, पिंकी. माहेरी भात, सासरी भात, तांदूळ कधी विकत घ्यावा लागला नव्हता मला. कुठला घ्यायचा तेही कळेना. तिथल्या पोरीला म्हटलं, बाळंतिणीला चालेल असा दे. पिशवीवर एक बाई हसते आहे, लोंब्या हातात धरून. तिचाही फोटो फाइलीतलाच असणार. आत काय आहे, कुठल्या वावरातलं, कुणी बदललं, कुणी नाही, मला काहीच माहीत नाही. मागे बारीक अक्षरात पुष्कळ लिहिलंय. वाचलं, समजलं नाही. घरच्या तांदळाचा मला आता ठाव आहे आणि याचा काडीचा नाही, आणि तुझा विश्वास याच्यावर. तुला हसत नाही मी. दोन महिने मीही दाणे निवडत बसले होते. त्या वेळी कुणी केरबा येऊन हजारदा सांगता तरी मला तो घास गिळवला नसता. आणि तुझ्या पोटात तर बाळ आहे.

पिशवी जुन्या गोणीत घालून गावाच्या नजरेआड आणता आली असती. दुकानातच तो विचार आला होता. पण मग ती तुझ्यापर्यंत गोणीतून आली असती, आणि तू म्हणाली असतीस, आईने वरून काही मिसळलं का? तुला सील दिसायला पाहिजे. म्हणून तशीच खांद्यावर घेतली.

रिक्षावाल्याने विहारापाशी उतरवलं, पुढे चिखल होता. सगळ्या बायका तिथेच. खिरीचं मोठं पातेलं चुलीवर चढलेलं, वासावरून कळत होतं तांदूळ आपला. चिमाबाईच्या हातात पळी होती. तिने पिशवी बघितली, मग मला बघितलं.

"नंदे, हे काय गं?"

"तांदूळ."

"कुनाला?"

"पिंकीला. बाळंतपणाला येनार हाय."

सगळ्या बघायला लागल्या. चिमाबाईने आवाज उतरवला, पण ऐकू सगळ्यांना आलं. "तुज्या लेकीला तुजा तांदूळ चालत न्हाई?"

काय सांगायचं होतं ते मला येत होतं. डॉक्टरने पथ्य सांगितलंय म्हणता आलं असतं. तुझ्या सासूवर ढकलता आलं असतं. पण आज खोटं बोलले तर ते उद्या तुझ्या कानावर जाणार, आणि तू म्हणणार, आई अजून मलाच खोटं पाडते आहे.

मी म्हटलं, "न्हाई चालत."

चिमाबाईने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली.  मी पिशवी घेऊन घरी आले. वाटेत एकदा टेकले, वजन फार होतं.

तेव्हा आता गावाला काय ते पक्कं कळलंय. खुद्द नंदाबाई विकतचा तांदूळ आणते, यापुढे केरबाचं सांगणंही चालायचं नाही आणि खुलासाही नाही. पप्पा म्हणाले, "जरा थांबायचं तरी होतं, पौर्णिमा होऊ द्यायची." थांबता आलं असतं. पण त्याच दिवशी धम्मदीपचा सकाळी फोन आला होता की तुझे पाय सुजलेत आणि तू रडत होतीस. मग मला पौर्णिमा दिसली नाही.

घरात दोन पातेली वेगळी ठेवली आहेत. नवं तुझं, घासून पालथं घातलंय, त्याला आमचा हात लागणार नाही. तुझ्या पातेल्यात तुझा तांदूळ, आमच्यात आमचा. पिशवी पिवळ्या खोलीत आहे, सील तसंच आहे. ये आणि तुझ्या हाताने फोड.

खीर बहुतेक सगळी उरली. वाटी पुढे करून चमचाभर घेतली सगळ्यांनी, पण खाल्ली कुणी नाही. परवा चिमाबाईने पातेलं आपल्याकडे आणून दिलं. मी आणि पप्पा कालपासून तीच खातो आहोत. चांगली झाली आहे.

तुझी आई